चान्स घ्यायच्या आधी गोळ्यांचा हिशोब

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती, की बाळाचा विचार सुरू केला की आधी आपल्या चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. त्या ओळीवर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी खटकत होती, बऱ्याच जणींनी लिहिलंय की "मी गोळी बंद केली, बरोबर केलं ना?" म्हणजे करून झाल्यावर विचारतायत. माझं म्हणणं एवढंच आहे की बंद करायच्या आधी विचारा, आणि दिवस राहायच्या आधी विचारा, कारण तेव्हा आपल्या हातात वेळ असतो आणि बऱ्याच गोळ्यांना पर्याय असतात. नावं अर्थातच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची आहे, सोळाव्या वर्षापासून फिट येते. व्हॅल्प्रोएट ५०० सकाळ-संध्याकाळ चालू आहे, तीन वर्षं फिट आलेली नाही. आता आम्हाला चान्स घ्यायचाय. एका नातेवाईक बाईंनी सांगितलं की या गोळीने बाळ अपंग होतं, म्हणून गेल्या आठवड्यापासून संध्याकाळची गोळी मी सोडलीय. अजून तरी काही त्रास नाही. हळूहळू सकाळचीही बंद करू का?

नाही. आणि हे उत्तर वाचून झाल्यावर लगेच तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन करा, संध्याकाळची गोळी सोडलीय हे स्पष्ट सांगा, ते बहुतेक ती परत सुरू करायलाच सांगतील. तीन वर्षं फिट आली नाही ती या गोळीमुळे. डोस असा एकदम अर्धा केला तर फिट परत येऊ शकते, एकामागून एक येऊ शकते, आणि तो प्रकार जिवावर बेततो. जोपर्यंत गोळीचं नीट ठरत नाही तोपर्यंत दिवस राहू नयेत यासाठी खात्रीचं साधन वापरा, हे मी अगदी कळकळीने सांगते.

आता त्या बाईंचं म्हणणं. त्यांनी ते घाबरवून सांगितलं असेल पण मुळात खोटं नाहीये. कुठलीही गोळी न घेणाऱ्या बाईच्याही बाबतीत शंभरातल्या दोन-तीन बाळांना काहीतरी मोठा जन्मजात दोष असतो. व्हॅल्प्रोएटवर असताना हा आकडा शंभरात दहाच्या आसपास जातो, पाठीचा कणा, हृदय, ओठ-टाळू असे दोष. आणि जे सोनोग्राफीत दिसतच नाही ते वेगळं, शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांमध्ये पुढे बोलणं, शिकणं, लक्ष लागणं यात अडचणी दिसतात, ऑटिझमचं प्रमाणही जास्त आढळतं. डोस जेवढा मोठा तेवढा धोका जास्त. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला ही गोळी शक्यतो द्यायचीच नाही आणि दिलीच तर दिवस राहणार नाहीत याची पक्की सोय करून द्यायची, असं आता ठिकठिकाणचे नियम सांगतात. तुम्हाला सोळाव्या वर्षी सुरू केली तेव्हा बहुधा बाळाचा विषयच कुणी काढला नसेल, त्यात तुमची काही चूक नाही.

पर्याय आहेत. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम या दोन गोळ्यांवर भरपूर गर्भवतींची माहिती जमलीय आणि त्यांच्यात दोषाचं प्रमाण जवळपास सर्वसामान्य बाईइतकंच दिसतं. पण बदल एका रात्रीत होत नाही. लॅमोट्रिजिन तर फार हळू वाढवावी लागते, व्हॅल्प्रोएट चालू असताना त्याहून हळू, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं. आधी नवी सुरू, मग जुनी कमी, मग काही महिने फिट येत नाही ना हे बघायचं, म्हणजे सहा महिने ते वर्षभर धरूनच चला. काही प्रकारच्या फिट्स फक्त व्हॅल्प्रोएटलाच दाद देतात हेही खरं, तसं तुमच्या बाबतीत असेल तर कमीत कमी डोस किती चालेल आणि किती धोका आपण पत्करतोय हे न्यूरॉलॉजिस्ट, मी किंवा तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ आणि तुम्ही दोघं असं सगळ्यांनी मिळून बसून ठरवायचं.

एक बारीक गोष्ट सांगते जी फारशी कुणी सांगत नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी खाली जाते, आणि गर्भारपणातही ती खाली जाते, म्हणजे डोस तोच असला तरी अंगाला कमी मिळतो. त्यामुळे मधल्या काळात कुठलं साधन वापरायचं हे सुद्धा विचारून ठरवा, आणि दिवस राहिल्यावर रक्तातली पातळी तपासून डोस वाढवावा लागेल ही तयारी ठेवा. कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन या फिटच्याच गोळ्या घेणाऱ्या मैत्रिणींसाठी उलटं आहे, त्या गोळ्या गर्भनिरोधक गोळीलाच कमजोर करतात.

आणि समजा हे सगळं ठरायच्या आत दिवस राहिलेच, तरी गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. त्याच दिवशी फोन करायचा.

प्रश्न : थायरॉईडची ७५ ची गोळी चालू आहे, टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) ३.८ आहे, डॉक्टर म्हणाले नॉर्मल आहे. दिवस राहिले की गोळी बंद करायची असते ना?

अजिबात नाही, उलट वाढवायची असते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी काम करत नसते, बाराव्या आठवड्याच्या सुमारास ती हळूहळू सुरू होते, तोपर्यंत त्याच्या मेंदूला लागणारं हार्मोन सगळं तुमच्याकडून जातं. म्हणून गर्भारपणात गोळीची गरज साधारण पाव ते निम्म्याने वाढते आणि ती वाढ अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतच होते, पहिली सोनोग्राफी व्हायच्याही आधी.

तुमचा ३.८ एरवी ठीक आहे, पण थायरॉईडची गोळी चालू असताना चान्स घेणाऱ्या बाईचा टीएसएच २.५ च्या खाली असलेला बरा, तेव्हा डॉक्टरांना "मला चान्स घ्यायचाय" असं सांगून परत विचारा, कारण हे त्यांना माहीत नसेल तर ते नॉर्मलच म्हणणार. त्याच भेटीत आणखी एक विचारून ठेवा, की टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मी लगेच गोळी वाढवू का आणि किती. बरेच डॉक्टर आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायला सांगतात, म्हणजे दोन दिवस डबल, आणि मग रक्त तपासून नेमका डोस ठरवतात. पुढे निम्मं गर्भारपण होईपर्यंत साधारण चार-चार आठवड्यांनी तपासणी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या या गोळीसोबत घेऊ नका, मध्ये चार तास जाऊ द्या, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगाला लागतच नाही.

ज्यांचा थायरॉईड जास्त चालतो आणि कार्बिमाझोल घेतात त्यांनी मात्र आधीच भेटायचं. त्या गोळीने सुरुवातीच्या आठवड्यांत बाळात दोष होऊ शकतात, म्हणून चान्स घेताना किंवा पहिल्या तीन महिन्यांसाठी बहुतेक वेळा दुसरी देतात.

प्रश्न : मी पिंपल्ससाठी सहा महिने आयसोट्रेटिनॉइन घेत होते. दोन महिन्यांपूर्वी कोर्स संपला. इंटरनेटवर वाचून झोप उडालीय, आता आयुष्यभर धोका राहतो का?

नाही गं, शांत झोप. ही गोळी गर्भारपणात खरोखर अतिशय वाईट आहे, मेंदू, हृदय, कान, चेहरा सगळ्यावर परिणाम करते, म्हणूनच तिच्या पाकिटावर एवढ्या सूचना असतात. पण ती शरीरातून लवकर निघून जाते. शेवटच्या गोळीनंतर एक महिना थांबायचं असतं, तुझे दोन झालेत. आता तिचा बाळाशी काही संबंध राहिलेला नाही.

उरलेली गोळी असेल तर मैत्रिणीला "माझ्या पिंपल्स गेल्या, तूही घे" म्हणून देऊ नकोस, हे मी मुद्दाम लिहितेय कारण असं होतं. रात्री लावायची ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापेलिनची जेल चालू असेल तर तीही आता बाजूला ठेव, त्वचेतून फार थोडं आत जातं पण पिंपल्ससाठी तो धोका कशाला घ्यायचा, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडसारखे पर्याय आहेत.

याच घराण्यातली अ‍ॅसिट्रेटिन नावाची गोळी सोरायसिससाठी देतात, तिचं गणित पूर्ण वेगळं, बंद केल्यावर तीन वर्षं थांबावं लागतं. दोन नावं सारखी वाटतात म्हणून गल्लत करू नका, आपल्या प्रिस्क्रिप्शनवर काय लिहिलंय ते बघा.

प्रश्न : दोन वर्षं डिप्रेशनसाठी सर्ट्रालिन ५० घेतेय, गेलं वर्षभर खूप बरी आहे, नोकरी परत सुरू केलीय. नवरा म्हणतो की बाळासाठी थोडं मन घट्ट कर आणि गोळी सोड. मलाही अपराधी वाटतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या मिस्टरांना बाळाची काळजी आहे हे कळतं, पण डिप्रेशन मन घट्ट करून जात नाही, तसं असतं तर तुम्ही दोन वर्षांपूर्वीच केलं असतं. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या.

सर्ट्रालिन ही गर्भारपणात सगळ्यात जास्त वापरलेल्या आणि अभ्यासलेल्या गोळ्यांपैकी एक आहे, बाळात दोष होण्याचं प्रमाण तिने ठळकपणे वाढतं असं दिसलेलं नाही. अगदी शेवटच्या महिन्यांत घेतली तर काही बाळं जन्मल्यावर काही दिवस चिडचिडी, थरथरती असतात, ते आपोआप जातं. बाळाच्या फुप्फुसातल्या रक्तदाबाचा एक दुर्मीळ त्रास एरवी हजारात एक-दोन बाळांना होतो, या गोळीवर असताना तो हजारात तीनच्या आसपास जातो. हे लपवायचं नाही, पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघायचं. गोळी सोडल्यावर डिप्रेशन उलटलं तर आई जेवत नाही, झोपत नाही, तपासणीला येत नाही, आणि बाळंतपणानंतरचा काळ तर असाही नाजूक. त्याचा त्रास बाळालाही होतोच.

आजार किती तीव्र होता, किती वेळा उलटला, यावर सोडायची की चालू ठेवायची ते अवलंबून आहे. एकदाच आणि सौम्य झाला असेल तर चान्स घेण्याच्या काही महिने आधी हळूहळू कमी करून बघता येतं. आधी गोळी सोडून परत कोसळला असाल तर बहुतेक डॉक्टर चालू ठेवा म्हणतील, आणि मीही तेच म्हणेन. एकदम बंद मात्र कधीच नाही. तुमची गोळी पॅरॉक्सेटिन असती तर मी आधीच बदलण्याचा विषय काढला असता, तिच्याबाबतीत हृदयदोषाची थोडी शंका आहे. लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांच्या आजाराची गोळी) घेणाऱ्यांनी तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये, ना घेण्याच्या बाजूने ना सोडण्याच्या.

यावरून एक पेशंट आठवते. दम्याची होती, टेस्टवर दोन रेषा दिसल्या त्याच दिवशी तिने पंप कपाटात ठेवून दिला, कुणीही सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांनी रात्री अटॅक आला आणि ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. आईला श्वास पुरत नाही तेव्हा बाळालाही पुरत नाही. दम्याचे रोजचे पंप गर्भारपणात चालू ठेवायचेच असतात.

प्रश्न : टेलमिसार्टन घेते, बीपी छान कंट्रोलमध्ये आहे. चालेल का?

नाही, बदलून घ्या. टेलमिसार्टन, लोसार्टन, तसंच एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्यांनी चौथ्या महिन्यापासून पुढे बाळाच्या किडनीवर परिणाम होतो आणि गर्भजल कमी होतं. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मेथिलडोपा या गर्भारपणात चालणाऱ्या गोळ्या आहेत. चान्स घेण्याआधी बदललं की नवीन गोळीवर बीपी कसं राहतंय हे निवांत बघता येतं. सोबत कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर तीही त्याच वेळी दाखवा, बहुतेकींना काही महिने थांबवता येते.

प्रश्न : मी एक नवरा आहे, मला विचारायची लाज वाटते. मला सोरायसिससाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आहे, आणि जिमच्या ट्रेनरने सुचवलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शन्स चार महिने घेतली. याचा काही संबंध असतो का, की सगळं बायकोचंच बघतात?

लाज कसली, उलट तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं. संबंध असतो आणि तुमच्या बाबतीत मोठा आहे.

मेथोट्रेक्सेटचं आधी. बाईने ही गोळी घेत असताना दिवस राहू देणं म्हणजे गर्भपात आणि बाळात दोष यांचा थेट धोका, तिने काही महिने आधी बंद करायलाच हवी. पुरुषाने घेतली तर काय, यावर गोळीच्या पाकिटातली माहिती अजूनही तीन महिने आधी थांबा असं सांगते, कारण शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. अलीकडे संधिवाताच्या तज्ज्ञांचा सल्ला थोडा सैल झालाय, आठवड्याच्या कमी डोसवर असलेल्या पुरुषांच्या बाळांमध्ये वेगळं काही दिसलेलं नाही म्हणून. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांना सरळ विचारा, तुमचा सोरायसिस किती आहे ते बघून ते ठरवतील.

खरी अडचण इंजेक्शनची आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं पुरेसं आहे, मग तो वृषणांना काम करायचा निरोपच पाठवत नाही आणि शुक्राणू कमी होत होत काही जणांत शून्यावर येतात. अंग भरलेलं दिसतं आणि आत हा प्रकार. चांगली बातमी ही की बहुतेकांचं परत येतं, पण काही महिने लागतात, कधी वर्ष किंवा जास्तही. घेणं थांबवा, वीर्यतपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांपासून हे लपवू नका. नाहीतर होतं काय, बायकोच्या तपासण्यांवर तपासण्या चालतात आणि कारण नवऱ्याच्या जिमच्या बॅगेत असतं. आतड्याच्या सुजेसाठी सल्फासलाझिन घेणाऱ्यांचेही शुक्राणू कमी होतात, ते औषध बदललं की साधारण दोन-तीन महिन्यांत सुधारतात.

प्रश्न : पाळी चुकलीय हे कळायच्या आधी मी तीन दिवस आयब्युप्रोफेन आणि पाच दिवस डॉक्सिसायक्लिन घेतली. आता पाच आठवडे झालेत. जवळची बाई म्हणते मोकळी हो, रिस्क नको. मी रोज रडतेय.

रडू नका, आणि या कारणासाठी मोकळं होण्याचा विचार तर मनातून काढूनच टाका. डॉक्सिसायक्लिनची मुख्य भीती बाळाच्या दातांवर डाग पडण्याची, आणि ती चौथ्या महिन्यानंतर घेतली तर. सुरुवातीच्या पाच दिवसांनी बाळात मोठा दोष होतो असं दिसलेलं नाही. आयब्युप्रोफेन विसाव्या आठवड्यानंतर तर टाळायचीच असते, तेव्हा गर्भजल कमी होतं आणि पुढे बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. तुमचे तीन दिवस त्या वेळेपासून फार लांब आहेत. मात्र आता पुढे दुखलं-खुपलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या, आयब्युप्रोफेन नको.

कुठली गोळी, किती, आणि कोणत्या तारखांना, या तीन गोष्टी कागदावर लिहा, शेजारी शेवटच्या पाळीची तारीख, आणि तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. गर्भ राहिल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत बसलेला धक्का बहुधा एकतर गर्भ टिकू देत नाही किंवा गर्भ पूर्ण भरून काढतो. नाजूक काळ त्यानंतरचा, म्हणून तारखा महत्त्वाच्या.

प्रश्न : प्रत्येक गोळीच्या पाकिटात "गर्भारपणात डॉक्टरांचा सल्ला घ्या" एवढंच लिहिलेलं असतं. मग सुरक्षित कोणती हे कळायचं कसं? बी कॅटेगरी असली की चालते ना?

तुमची चिडचिड रास्त आहे. नवीन औषधांच्या चाचण्यांत गर्भवतींना बहुधा घेतच नाहीत, म्हणून माहिती हळूहळू, औषध बाजारात आल्यावर घेतलेल्या बायकांच्या नोंदींतून जमते. ही भीती थॅलिडोमाइडपासूनची. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ती गोळी आली, झोपेसाठी आणि मळमळीसाठी निर्धास्त म्हणून दिली गेली, आणि १९६१ च्या शेवटी बाजारातून काढेपर्यंत जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं हात-पाय अर्धवट वाढलेली जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या अधिकारी बाईंनी पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी अडवून धरली, त्यामुळे तिथली फार बाळं वाचली.

गोळी गर्भारपणात किती सुरक्षित हे सांगणारी ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरं त्याच अमेरिकेतली, आणि २०१५ पासून तिथे नव्या औषधांच्या लेबलवरून ती काढायला सुरुवात झाली, कारण लोक बी म्हणजे पास आणि सी म्हणजे नापास असं समजायला लागले होते. एखाद्या गोळीला सी मिळायचं ते फक्त माहिती कमी म्हणून. आणि "नैसर्गिक" लिहिलेल्या बाटलीवर तर कुठलंच अक्षर नव्हतं, म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. त्याही बाटल्या डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा.

प्रश्न : फॉलिक अ‍ॅसिड कधीपासून सुरू करू? टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर चालेल ना?

उशीर होतो. बाळाचा मेंदू आणि मणका जिच्यापासून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. म्हणून चान्स घेण्याच्या निदान एक महिना आधी, जमलं तर तीन महिने आधी रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करा आणि बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्या. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, डायबिटीस असेल, फिटच्या गोळ्या चालू असतील किंवा वजन खूप जास्त असेल तर ५ मिलिग्रॅमची मोठी गोळी लागते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या. मोठा डोस मिळावा म्हणून मल्टिव्हिटॅमिनच्या दोन-तीन गोळ्या एकदम घेऊ नका, त्यातून व्हिटॅमिन ए जास्त जातं आणि ते जास्त झालं तर बाळाला घातक असतं. आणि पहिल्या प्रश्नातल्या मैत्रिणीसाठी पुन्हा, फॉलिक अ‍ॅसिड घेतलं म्हणून व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जात नाही, तुमचा फोन आजच व्हायला हवा.